मारुतीला वाकडं म्हटलं तेव्हा

देवावर माझा विश्वास होता, पण त्याहून जास्त स्वतःच्या नजरेवर होता. तीस वर्षं गवंडीकाम केलं, ऊर्जानगरच्या वीज कामगारांच्या क्वार्टरांपासून मूल तालुक्यातल्या आमच्या गावच्या मारुतीपर्यंत. भिंत सूतभर झुकली तरी मला दुरून कळायचं. त्यामुळे लकव्याने डावी बाजू गेली आणि दवाखान्यात जो तो 'सरळ बसा' म्हणू लागला, तेव्हा मी सगळ्यांना मनात वेड्यात काढलं. ते मला सरळ करायचे. मला वाटायचं, हे उजवीकडे पाडतात. मग मी धडधाकट उजव्या हाताने पलंग असा रेटायचो की धाडकन डावीकडे. डॉक्टर म्हणाले, बसता आलं तरच पुढे उभं राहता येईल. घरी बायकोने जुन्या लुगड्याने मला खुर्चीला बांधलं. आयुष्यभर दुसऱ्यांची कामं वाकडी म्हणून पाडायला लावली, त्याची ही फेड असावी.

दोन महिन्यांनी एका शनिवारी तिने मला खुर्चीसकट ऑटोत घालून देवळात नेलं. हात जोडायचे सोडून मी म्हणालो, "मारुती उजवीकडे कलला. कोन्या गाढवानं बसवला?"

"तुमीच बसवला," बायको म्हणाली.

पायरीवर बांबूच्या टोपल्या घेऊन बसलेली एक अनोळखी बाई खुदकन हसली. आरमोरीकडची बुरडीण असावी. जवळ येऊन मला न्याहाळत म्हणाली, "माह्या सासऱ्याले असंच झालं होतं, भाऊ. तुमचा चांगला हातच तुमाले ढकलून राह्यला. त्याले काम द्या." तिने खुर्ची सरकवून घंटा माझ्या उजव्या अंगाला आणली आणि लुगड्याची गाठ सोडली.

"पडतीन ना वो ते," बायको म्हणाली.

"आपण दोघी हावो ना. वाजवा, भाऊ."

घंटेची दोरी मला मारुतीइतकीच वाकडी दिसत होती. तिथेच मी अडलो. मूर्ती चुकीची बसू शकते, माझ्यासारखा गवंडी असला तर नक्कीच. पण लोंबती दोरी? ओळंब्याच्या तशाच दोरीच्या भरवशावर तर जन्मभर भिंती उभ्या केल्या. ती खरी असेल तर खोटा मीच. 'तूच सांभाळ' मारुतीला म्हणालो, खुर्चीचा हात सोडला आणि जिकडे पडेन असं वाटत होतं तिकडेच हात लांबवला. घंटा वाजली. वाजवतच राहिलो. थांबलो तेव्हा दोघी हातभर लांब उभ्या होत्या. मला कोणीच धरलं नव्हतं. बायको डोळ्यांना पदर लावून होती.

बुरडीण टोपल्या डोक्यावर घेऊन निघून गेली. नाव विचारायचं राहिलं, नंतर कुठल्या बाजारात दिसलीही नाही. तिला कोणी धाडलं, हा वाद मी घालत नाही. आठवण झाली की नुसता नमस्काराचा हात कपाळाशी नेतो.

आता काठी घेऊन देवळापर्यंत चालतो. अंग अजूनही खोटं सांगतं. मग मी बायकोला विचारतो, "सरळ आहे का मी?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे विचारायची वेळ मी माझ्यावर कधी येऊ दिली नव्हती. ती म्हणते, "थोडे उजवीकडे या." पडतोय असं वाटतं, तरी येतो. पडत नाही.