विमानातून पडणाऱ्यांसाठीचं कार्ड

माझ्या धाकट्या भावाला कारखान्यात सगळे हातोडा म्हणतात. नाव उगाच पडलेलं नाही. आधी हात, मग तोंड, अशी त्याची रीत. शाळेत एकाचा दात पाडला, स्वतःच्या लग्नात बँडवाल्याच्या नाकातून रक्त काढलं. माझ्या नवऱ्याने एकदा माझ्यावर हात उचलला, तर हा दार तोडूनच आत आला. तेव्हापासून माझा नवरा माझ्याशी आवाज चढवायच्या आधी दोनदा विचार करतो. म्हणून सांगते, भावाबद्दल कुणी वाकडं बोललं तर मीही त्याचीच बहीण आहे.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात. मी पॅकिंगला, तो प्रेसवर. पत्रा आत सरकवायचा, वरून लोखंड आपटतं, डबा तयार. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय लोखंड खाली येत नाही, म्हणजे हात आत राहायलाच नकोत. पण मजुरी नगावर! मग आमचे शहाणे एक बटण चिंधीने बांधून टाकतात आणि तो हात पत्रा सरकवायला मोकळा ठेवतात. फोरमनला सगळं दिसतं आणि तो दुसरीकडे तोंड करतो.

प्रेसवाल्यांच्या गप्पाही तसल्याच. जेवायला बसले की तुटलेल्या कुठल्या बोटाचे किती मिळतात यावर वाद. अंगठ्याला जास्त, करंगळीला कमी. घास उतरत नाही ऐकताना, पण त्यांना त्याचं काही वाटत नाही.

अशा लोकांसमोर तो कार्डवाला येऊन बसला. गेटबाहेर छत्री, टेबल, गळ्यात टाय. त्याच्याकडे दोन क्रेडिट कार्डं होती. एक साधं, वर्षाची फी नाही. दुसरं काळं, चकचकीत, फी घसघशीत, पण त्यावर अपघात विमा मोफत. माझ्या भावजयीला हप्त्यांवर वॉशिंग मशीन घ्यायचं होतं, एवढंच.

"अहो, साधंच घ्या," ती म्हणाली. "हप्ते त्याच्यावरही होतात, मी विचारलंय."

"तुला काय कळतंय? विम्याचा आकडा बघ. चार बोटं गेली तरी घर चालेल."

"कसल्या अपघाताचा विमा, ते तरी विचारा त्यांना."

"अपघात म्हणजे अपघात!" त्याने काळ्या कार्डासाठी सही ठोकली.

कार्ड घरी आलं आणि गडी स्वतःहून फोरमनकडे गेला. मोठी प्रेस मागितली. हात आत जाऊ नये म्हणून लावलेली तिची जाळी तुटलेली, कुणी तिच्यावर बसत नव्हतं, म्हणून मजुरी दुप्पट. मी म्हटलं, "मेल्या, लोखंड खाली येताना मध्ये कार्ड धरणार आहेस का?" तो हसला. मला रडू येत होतं आणि हा हसत होता.

झालं तेव्हा मी पॅकिंगमध्ये होते. धावत गेले तर उजव्या हाताच्या चार बोटांचा चेंदा झालेला, डब्यांवर रक्त, आणि हातोडा डाव्या हाताने फोरमनची मान धरून त्याचं डोकं मशीनवर आपटत होता. चौघांनी मिळून सोडवलं. मग तो खाली बसला आणि पांढरा पडला.

मालकाने हात झटकले. बटण तू बांधलंस, चूक तुझी. आता घर चालायचं ते कार्डाच्या विम्यावर. तो दवाखान्यातून घरी आल्यावर भावजयीने फोन लावून स्पीकरवर टाकला, आम्ही तिघं भोवती बसलो. पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली, "सर, विमानाचं तिकीट याच कार्डावर काढलं होतं का?"

"कसलं विमान?" भाऊ म्हणाला.

"आपला विमा विमान अपघातातल्या मृत्यूसाठी आहे, सर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे याने आधी विमानातून पडायचं, मग मरायचं, मग तुम्ही पैसे देणार?"

"हो, मॅडम," ती म्हणाली. "आणि यंदाची फी भरायची राहिलीय."

भावजय उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. भाऊ तसाच निघाला, पायात चप्पलही नाही. मी मागे धावले. अडवायला नाही, खरं सांगते. मलाही त्या टायवाल्याच्या कानाखाली जाळ काढायचा होता.

गेटबाहेर तो छत्रीखाली बसलेलाच होता, समोर कामगारांची रांग. हातोड्याने टेबल लाथेने उडवलं, डाव्या हाताने टाय धरला आणि सवयीने उजवा उगारला. मूठ वळेना. तरी त्याने ठोसा मारला. बँडेज फटकन लाल झालं, ओरडला तो भाऊच. कार्डवाला डोळे मिटून उभा होता. त्याने डोळे उघडले आणि बावळटासारखं विचारलं, "लागलं का हो?"

तेव्हा रांगेतला बुटका पुढे आला. भावाचा शेजारच्या प्रेसवरचा दोस्त, हातात पेन.

"मोठ्या प्रेसवर तुझ्या जागी आता मला बसवणार आहेत," तो म्हणाला. "म्हटलं, आधी काळं कार्ड घेऊन टाकावं. तुला हाताचे किती मिळाले रे?"

भावाने टाय सोडला आणि त्याच डाव्या हाताने बुटक्याला अशी चपराक हाणली की पेन रस्त्यापलीकडे गेलं. दुसरी दिली. तिसरी देताना हा ढसाढसा रडत होता. "काही नाही मिळत! काही नाही! विचारायचं होतं रे, मी विचारलंच नाही!"

तेवढ्यात आत भोंगा झाला. बुटका गाल धरून आत गेला. मोठ्या प्रेसचं लोखंड आपटलं की गेटबाहेरची जमीनसुद्धा हादरते. भाऊ अनवाणी उभा होता, बँडेजमधून रक्त गळत होतं, आणि तो पायांकडे बघत होता.

आतून फोरमनचा आवाज आला. बुटक्याच्या आईचा उद्धार, बापाचा उद्धार, प्रेसवर बसायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस. शिव्या वाढतच गेल्या. जमीन हादरली नाही.