टोपल्यात काय पडायचं

मी एकदा दुसऱ्याची दिवाळी चोरली. नववीत होते. वेणीला रिबिनी दोन, अक्कल त्याहून कमी.

शाळेच्या गॅदरिंगला निबंध वाचायचा होता, 'माझ्या आठवणीतली दिवाळी'. दौंड तालुक्यात, राहूच्या अलीकडं आमचं गाव. वस्तीवर आमची एक खोली, दाराबाहेर थेट चिखल. आणि मी बाई लिहिलं काय? अंगणात सडा, रांगोळी, आईचा चकलीचा सोऱ्या, बाबांनी टांगलेला आकाशकंदील. धड्यात असंच असायचं. छापून येते तीच खरी आठवण, आपली पुस्तकात शोभत नाही, असं मला वाटे. हल्ली आठवणींच्या साहित्यावर परिसंवाद भरतात, मला हार घालून बोलावतात. तेव्हा ही विदुषी कागदावर चकल्या तळत होती.

माईकवर वाचत होते. पुढच्या खुर्चीत सोसायटीचे चेअरमन, आप्पा. आई त्यांच्याच उसात खुरपायला जायची. आप्पा मध्येच मोठ्यानं म्हणाले, "पोरी, तुला अंगण कवा झालं गं? तुझी आजी दिवाळीला टोपलं घिऊन आमच्या दारात उभी ऱ्हायची. त्ये लिव्ह की! आमच्या चांगलं ध्यानात हाय."

मंडप हसला. गुरुजी हसले. माझ्या मैत्रिणीसुद्धा.

कान तापले. पण तिथंच कळलं. आमची आठवण यांनी जपून ठेवलीय. हसायला.

मी कागद फाडला. माईकवरच म्हणाले, "लिहिते आप्पा. टोपल्यात काय पडायचं, तेबी लिहिते."

हसू थांबलं. गुरुजींनी माईक बंद केला.

मी घरी निघाले तर मागं फटफटी. जवळ येईना, पुढं जाईना. वस्तीच्या तोंडाशी आप्पांचा पुतण्या थांबला. "आईला सांग, उद्यापास्नं उसात पाय ठिवायचा न्हाई. आन् तू लिव्हच. बघतो कशी लिवतीस."

फटफटी तिथंच उभी राहिली. चालू.

आणि गंमत सांगू? टोपल्यात काय पडायचं, मला कुठं ठाऊक होतं! आमची वस्ती बुद्धाला शरण गेल्यावर ते टोपलं घरातून गेलं, पुन्हा त्याचं नावही कुणी काढलं नाही. माझी नुसती फुशारकी.

भोंग्यावरून वस्तीनं सगळं ऐकलेलं. आई चुलीत लाकूड सारत होती. आजी उंबऱ्यात, फटफटीवर नजर लावून. मी विचारलं, "आजे, चुकलं का गं माझं?"

आजी म्हणाली, "दार उघडंच ऱ्हाऊ दे. बस हितं. टोपल्यात काय पडायचं, त्ये मी सांगते. आन् त्या आप्पाच्या बापाचं नाव गाळू नगंस."