पोट माझं, बाळंतपण यशोदेचं

बायकोच्या बाळंतपणासाठी डॉक्टर निवडायचा म्हणून मी स्वतःचं पोट दोन डॉक्टरांना दाखवलं. ही गोष्ट गावापासून आजवर दडवून ठेवली होती. आता केस पिकले, तेव्हा कबूल करून टाकतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट. माझी बायको यशोदा दुसऱ्यांदा गर्भार होती. पहिल्या खेपेला तिच्या माहेरी, डाळजला, सुईण तीन दिवस झटली आणि तरी मूल हाती लागलं नाही. यशोदाही जेमतेम वाचली. मी त्या वेळी बारामतीच्या बाजारात वांगी विकत बसलो होतो. तेव्हापासून मनाशी खूणगाठ बांधली होती, की आता डॉक्टरच!

पण कुठला? माझे वडील, आबा, म्हणाले, "बारामतीचा." सासरे तात्या म्हणाले, "इंदापूरचा." (दोघांनीही दोन्ही डॉक्टर पाहिलेले नव्हते!) यशोदेलाच दाखवून आणू म्हटलं, तर आई कडाडली, "भरल्या पोटाची बाई दवाखान्याची पायरी चढली तर दिष्ट लागंल! येळ आली की बघू." मग मी एकट्यानं जाऊन परक्या माणसापुढं बायकोच्या पोटाचा विषय काढायचा? त्या काळी आम्ही बायकोचं नावसुद्धा उखाण्यातच घ्यायचो, तेही चारदा आग्रह झाल्यावर!

शेवटी युक्ती सुचली. बैल घ्यायचा तर माणूस आधी जुंपून बघतो. डॉक्टरला जुंपायचं तर पोट हवं. ते माझ्याकडे होतं.

आधी बारामती गाठली.

"काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"पोटात दुखतंय."

"कधीपासून?"

"सात महिनं झालं." डोक्यात यशोदा होती, तोंडातून निघून गेलं!

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "सात महिने? आणि आज येताय?"

"आधी तरास नव्हता. आता जरा वाढलंय."

त्यांनी माझं पोट कणीक तिंबावी तसं तिंबलं, आणि समोर उभं राहून एरंडेल पाजलं. पुढचे दोन दिवस मी पिंपळीच्या आमच्या वावरातच काढले. घरी यायला सवडच मिळेना! आबांना वाटलं, बाप होणार म्हणून पोरगं कामाला लागलं. मी मनाशी निकाल दिला. हात जड. बारामती बाद!

यशोदा माहेरी गेली, नववा महिना लागला, तेव्हा मी इंदापूरला गेलो. या वेळी महिन्यांचा आकडा सांगायचा नाही, एवढं ठरवलं होतं. पण मागचं तिंबणं आठवलं, आणि डॉक्टरांचा हात लागायच्या आधीच मी ओरडलो!

"अपेंडिक्स दिसतंय," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "इथंच राहा. कदाचित कापावं लागेल."

शहाणा माणूस पळाला असता. मी विचार केला, राहिलो तर दवाखाना नीट पारखता येईल! मी खाटेवर पडून इमानदारीनं खोलीतल्या भिंती, भांडी, कंपौंडर सगळं बघत होतो. तेवढ्यात, मी डाळजच्या तात्यांचा जावई हे कळल्यावर, त्या कंपौंडरनं एसटीच्या कंडक्टरबरोबर डाळजला निरोप धाडला, 'जावयाचं पोट फाडणार आहेत.'

दुपारी दारात यशोदा उभी! मागं सासूबाई आणि तात्या.

"अवं, तुमचं पोट फाडत्यात म्हणं!"

"मला काय झालं न्हाय गं."

"मग हितं का झोपलाय?"

"डॉक्टर बघाय आलतो. तुझ्यासाठी."

ती काहीतरी तिखट बोलणार होती. पण तिनं खाटेचा कठडा घट्ट धरला आणि म्हणाली, "आता उठा तुमी. माझ्या पोटात कळा यायला लागल्यात."

डॉक्टर धावत आले. मी हात जोडून सगळं कबूल केलं.

"अहो, बाईचं बघायचं तर बाईला आणायचं!" ते गरजले. "उठा, खाट मोकळी करा!"

आम्ही बाहेर बसलो. तात्या हळूच म्हणाले, "जावईबापू, डॉक्टर कसा वाटला?"

"हात हलका हाय."

"मग वराडला का म्हणं?"

आतून यशोदेचा आवाज आला की माझे पाय गार पडत, आणि आवाज थांबला की त्याहून गार पडत. दिवस कलता कलता बाळ रडलं. मुलगी. दोघी खुशाल! मी तिथंच, तात्यांच्या खांद्यावर, लहान पोरासारखा रडलो.

आत गेलो तर यशोदा थकलेल्या डोळ्यांनी बघत होती. "दोन डॉक्टर पारखलं. मला एकदा इचारलं असतं तर?"

"काय सांगितलं असतंस?"

"डॉक्टर कुठलाबी चालंल. ह्या टायमाला तुमी जवळ पायजे."

घरच्या साऱ्यांचं मत घेतलं होतं, तिचंच तेवढं राहिलं होतं. ही बोच अजून आहे.

सासूबाईंना मात्र माझं पोट खरंच बिघडलंय, असंच वाटत राहिलं. "पोटाचं दुखणं त्ये दुखणंच! लेकीचं काय नि जावयाचं काय!" असं म्हणून त्यांनी मलाही डाळजलाच ठेवून घेतलं. दोघांना सारखेच डिंकाचे लाडू, सारखाच गरम गरम शिरा, वर चावायला भाजलेल्या बाळंतशेपा. यशोदा बाराव्या दिवशी उठून चुलीपाशी गेली. मी मात्र सव्वा महिना पुरा करूनच उठलो!