अण्णांना सांगितलेला नंबर

दोन हजार तीन साली नाशिकच्या घरासमोर टॅक्सी उभी होती, डिकीत लोणच्याच्या बरण्या मावत नव्हत्या, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पोचलास की आधी सरकारी नंबर घे. नंबर नसलेल्याला सरकारदरबारी कुत्रं विचारत नाही."

अण्णा पोस्टातून निवृत्त झालेले. स्वतःचा पेन्शनचा नंबर त्यांना तोंडपाठ. दर नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत जायचे आणि आपण हयात असल्याचा दाखला देऊन यायचे. दुसऱ्या कुठल्या सणाला एवढे नटत नसत.

सौदीत अल-खोबरला पोचलो, तसा पासपोर्ट कंपनीने ठेवून घेतला आणि हाती इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, दिला. तो खिशात नसेल तर कोपऱ्यावरच्या किराण्याच्या बकाल्यापर्यंतही जायची माझी छाती नव्हती. मग सोशल इन्शुरन्सचाही नंबर आला. ऑफिसातल्या हैदराबादी कारकुनाला मी पेन्शनचं विचारलं, तर तो हसला. "साब, आप को काम पे कुछ हो गया तो ये नंबर है. पेन्शन सौदी लोगां को. अपने को नौकरी छोडते वक्त हिसाब देते, फिर खलास."

त्या शुक्रवारी फोनचं कार्ड खरवडून घरी फोन लावला. अण्णांनी नंबर दोनदा उतरवून घेतला, मग विचारलं, "म्हणजे पेन्शन आहे ना?" कार्डावरची मिनिटं संपत आली होती. खरं सांगायला मिनिटं पुरली नसती, असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्यांचा आवाज इतका खूश होता की माझ्याच्याने नाही म्हणवेना. "आहे," म्हणालो. आठवड्याभरात सगळ्या कॉलनीला कळलं, थोरल्याला अरबस्तानची सरकारी पेन्शन आहे.

पाच वर्षांनी माझी धाकटी बहीण नलू, नवऱ्याशी काडीमोड होऊन, मुलीला घेऊन माहेरी आली. त्या सुट्टीत अण्णा मला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेले. घराचं बक्षीसपत्र नलूच्या नावाने तयार होतं. मी साक्षीदार म्हणून सही करायची, म्हणजे उद्या कुणी बोट दाखवायला नको.

"तुला तिकडे नंबर आहे," अण्णा म्हणाले. "पोरीला काय आहे?"

तोंड उघडलं असतं तर सही थांबली असती. नलू बाकावर मान खाली घालून बसली होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. त्या घरात मी परत येणार होतो, गच्चीवर खोली चढवणार होतो, तिचा नकाशाही काढून ठेवला होता. मला राग आला, रडू आलं, आणि मी सही केली. बाहेर आल्यावर अण्णा रसवंतीवर थांबले, दोन ग्लास प्यायले. इतके निर्धास्त मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

खोबरला आल्यावर मीनल, माझी बायको, एवढंच म्हणाली, "तिथेही मूग गिळून बसलात ना?" मुलीने विचारलं, "बाबा, सो वी डोंट हॅव अ हाऊस इन नाशिक?"

वर्षभरात अण्णा गेले, तसेच निर्धास्त. आता पुण्या-मुंबईहून नवी पोरं कंपनीत येतात आणि तेच विचारतात, नंबर कधी मिळतो, त्यावर पेन्शन आहे का? मी स्पष्ट सांगतो, नाही, आणि घरीही आजच कळवा. मागे राहिलेल्यांनो, तुम्हीही आमच्या 'आहे'वर फार विसंबू नका.

मागच्या सुट्टीत नाशिकला गेलो. दारावर नलूच्या नावाची पाटी होती. दुसऱ्याच्या घरी जातात तशी मी बेल वाजवली आणि पायरीवर बॅग घेऊन थांबलो. नलू कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि कडाडली, "बेल कसली वाजवतोस रे दादा? दार उघडंच आहे, ढकल की!"