ससाण्याचा बुरखा आणि डावा टाका

फखरुन्निसा बुरखे शिवते, एवढंच सांगितलं की ऐकणाऱ्याचा घोटाळा ठरलेला. कुवैतमधल्या हवल्लीत, कॅमेऱ्याच्या दुकानातही तेच झालं. "बुरख्याचे फोटो काढायचेत," असं तिने हिंदीत सांगताच विक्रेता यासिर हात मागे घेऊन म्हणाला, "बाईसाहेब, बायकांचे फोटो न विचारता काढू नका." फखरुन्निसाने पर्स उघडून मुठीत मावेल अशी चामड्याची टोपी काउंटरवर ठेवली. चोचीला जागा, मागे दोन वाद्या, वर तुरा. "ही बाई उडते," ती म्हणाली.

शिकारी ससाण्याच्या डोळ्यांवर चढवायच्या टोपीला इथे बुरखाच म्हणतात. रत्नागिरीकडची ही बाई चौदा वर्षं त्या शिवत होती आणि पक्षीबाजारातला एक दुकानदार त्या विकत होता. नवरा नूरुद्दीन एका कुवैती घराण्यात स्वयंपाकी. हिवाळ्यात मालक परवाना काढून सरहद्दीपलीकडे शिकारीला निघाले की हाही मागच्या गाडीत भांडी घेऊन. गेल्या सहलीत त्याने ऐकलं, की दुकानदार त्याच टोप्या परदेशातल्या नामी कारागिराच्या म्हणून खपवतो. नूरुद्दीनने घरी येऊन भीतभीत सांगितलं आणि वर, जाऊ दे, असंही म्हणाला.

"का जाऊ दे?" फखरुन्निसाने विचारलं.

ती डावखुरी. तिचा प्रत्येक टाका डावीकडे झुकतो. मालकाच्या पक्ष्यांवरच्या, परदेशी म्हणून घेतलेल्या टोप्यांचे टाके फोटोत दिसले की बोलणं संपलं. पण शिकारीची जागा बाहेर फुटू नये म्हणून तळावर सगळ्यांचे मोबाइल पेटीत जमा होत. इंटरनेट नसलेला साधा कॅमेरा चालत असे. मुलगी माहीन म्हणाली, "मम्मी, नोबडी बाइज कॅमेराज नाऊ." आई म्हणाली, मग मी पहिली.

यासिरने लांबच्या झूमचा कॅमेरा पुढे केला. बटण दाबताच भिंग नळीसारखं बाहेर आलं. फखरुन्निसाने बोटाने ते दाखवून विचारलं, यात वाळू गेली तर? तो हसला. दुसरा दिसायला सुंदर, पण बटणं तांदळाच्या दाण्याएवढी. नूरुद्दीनच्या तुपकट बोटांना ती सापडली नसती. तिसरा जाडजूड, भिंग काचेआड बंद, झूम बेताचा आणि किमतीत निम्मा. यासिरने नाक मुरडलं. मुलांना समुद्रावर खेळायला देतात तो, म्हणाला. तिने टोपी काउंटरच्या टोकाला ठेवली, जवळचा फोटो काढायची खूण कुठली ते विचारून घेतलं आणि बटण दाबलं. पडद्यावर टाके मोजता येत होते. "हाच," ती म्हणाली.

कॅमेरा घेऊन शिकारीला गेलेला नूरुद्दीन आठवड्याने परतला. चाळीस फोटोंतले सव्वीस त्याच्या अंगठ्याचे. पण उरलेल्यांत मालकाचे तिन्ही ससाणे, आणि तिन्ही टोप्यांचे टाके डावीकडे झुकलेले.

फोटो छापून ती पक्षीबाजारातल्या दुकानात गेली. दुकानदाराने ते उलटेसुलटे पाहिले आणि जगात डावखुरे पुष्कळ, असं म्हणून गल्ला बंद केला. तिने सुई, दोरा आणि चामड्याचा तुकडा काउंटरवर मांडला.

"तुमच्या परदेशी कारागिराला बोलवा. दोघं समोरासमोर शिवू. गिऱ्हाइकं बघतील."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होतीच. दुकानदार हळू आवाजात म्हणाला, हवल्लीतल्या बाईचं नाव लावलं तर कोण घेईल? फखरुन्निसाने मांडणीवरच्या आपल्या न विकलेल्या अकरा टोप्या पिशवीत भरल्या. कमिशन कमी करतो, असं तो मागून म्हणत राहिला. ती पायऱ्या उतरली होती.

घरी नूरुद्दीन हबकला. हातचं काम घालवलंस, म्हणाला. त्या रात्री ती जेवली, झोपली, सकाळी नवीन चामडं भिजत घातलं.

शिकारीचा मोसम अर्ध्यावर होता. दहाव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. गिऱ्हाइकं तीच टोपी मागत होती, दुसरी घेत नव्हती.

"आधी मांडणीवर पाटी लिहा," फखरुन्निसा म्हणाली. "अरबीत. माझं नाव, पूर्ण. लिहून झालं की वाचून दाखवा."

पलीकडे कागद खरखरला. त्याने वाचलं. नावातलं बाईपण सांगणारं 'निसा' गाळलं होतं, उरलं ते पुरुषाचं नाव.

"पुन्हा लिहा," ती म्हणाली.