ताटलीतलं पाणी

ठाण्याहून स्लो कुकर मांडीवर घेऊन आलो तेव्हा तो किती जड आहे ते कळलं. बाहेर विजेचा डबा, आत चिनीमातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. परदेशी निघालेल्या एका कुटुंबाने घरातल्या वस्तू विकायला काढलेल्या. मिक्सर, मायक्रोवेव्ह सकाळीच गेलेले. हा कुणालाच नको होता, म्हणून माझ्या बजेटात बसला. त्या घरातल्या बाईंनी बटणाजवळच्या तीन खुणा दाखवल्या, लो, हाय आणि वॉर्म, आणि म्हणाल्या, "सकाळी लावायचं आणि विसरून जायचं."

आमच्याकडे प्रश्न विसरण्याचाच होता. ठाकुर्लीला चौथ्या मजल्यावर आई आणि मी असे दोघंच राहतो. माझं लग्न झालं नाही, त्यावर नातेवाइकांचं सगळं बोलून झालेलं आहे. आई पंच्याहत्तरीच्या पुढची. हा कुकर येण्याच्या दोनेक महिने आधी तिने दुपारी चहासाठी गॅसचं बटण फिरवलं, लायटर शोधायला बाहेरच्या खोलीत आली आणि तिथे पडलेली मेथीची जुडी बघून ती निवडायला बसली. समोरच्या काकूंना जिन्यात वास आला. त्यांनी खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, मला फोन केला. झालं काहीच नाही. आईला हे सगळं आठवत होतं आणि तिला त्याची शरमही वाटत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी कामावर निघताना सिलेंडरचा रेग्युलेटर काढून माझ्या कपाटात ठेवायला लागलो. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या ओट्यावर आईने स्वयंपाक केला तिथे आता ती पाणी प्यायला तेवढी जायची. मी सकाळी दोन पोळ्या आणि भाजी डब्यात भरून ठेवायचो. संध्याकाळी डबा उघडला की त्यात दीड पोळी. "भूक नव्हती रे," एवढंच तिचं उत्तर. महिनाभरात तिचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, सगळं ठीक निघालं. ते म्हणाले, खायला लावा. मी ठरवलं, की जेवण गार असतं म्हणून ती खात नाही. गरम मिळालं की खाईल. हा माझा शोध, आणि त्यातून तो कुकर.

मला स्वयंपाकातलं फार कळत नाही, पण या यंत्राला कळणारा माणूस लागतच नाही. सकाळी गॅसवर फोडणी करायची, भिजवलेलं कडधान्य आणि पाणी तिच्यासकट भांड्यात ओतायचं, रेग्युलेटर काढायचा, कुकर लोवर ठेवायचा आणि निघायचं. जून भेंडी सोडली तर स्वस्तातलं सगळं त्याला चालतं. कल्याणला बाजार उठायच्या वेळी मिळणारे मऊ टोमॅटो, दुधी, लाल भोपळा, मटणवाल्याकडची हाडं. पहिल्या रविवारी मी काळे वाटाणे लावले आणि घरीच पेपर वाचत बसलो. सहा-सात तासांत असे शिजले की बोटाने दाबले तरी पीठ व्हावं. आईने अर्धी वाटी खाल्ली. "मडकं बरं आहे तुझं," म्हणाली. तेव्हापासून आमच्याकडे त्याचं नाव मडकंच पडलं.

आठवड्यात मात्र गणित बिघडलं. सोमवारी तेच वाटाणे, तेवढंच पाणी, आणि संध्याकाळी घरी येऊन बघतो तर वाटाणा दाताखाली कटकन वाजतो. वर पाणी तरंगतंय, मसाला खाली बसलाय. बुधवारी छोले, तीच गत. "ठीक होतं," आई म्हणाली, आणि डब्यात दीड पोळी. रविवारी माझ्यासमोर चवळी लावली तर पुन्हा उत्तम. जुनी वस्तू घेतली की असंच होतं, असं मी स्वतःलाच ऐकवलं. मग त्या बाईंना फोन लावला. त्या सामान बांधण्याच्या गडबडीत होत्या. "आमच्याकडे कधी असं झालं नाही हो," म्हणाल्या. मी बोलू नये ते बोललो. फसवणूक हा शब्दही वापरला.

पुढच्या गुरुवारी आमच्या गोदामात पाण्याची टाकी फुटली आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी दीडच्या सुमारास घरी पोचलो. कुलूप उघडलं तरी आईला ऐकू गेलं नाही. ती स्वयंपाकघरात, ओट्याला लागून प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेली. काचेचं झाकण स्वच्छ घासून भांड्यांच्या जाळीत उभं होतं. मडक्यावर आमची जुनी खोलगट पितळी ताटली, ताटलीत पाणी, आणि आई त्या पाण्यात करंगळी बुडवून बघत होती.

मी बघत राहिलो. पाणी तिच्या मनासारखं कोमट झालं तशी तिने फडक्याने ताटली उचलली, पाणी वाटाण्यात ओतलं, पळीने ढवळलं, एक दाणा काढून चेपून बघितला. मग ताटली पुन्हा मडक्यावर ठेवली आणि तिच्यात नळाचं गार पाणी भरलं. लहानपणापासून मी तिला हे करताना बघत आलोय. भाजी वाफेवर शिजत असली की झाकणावर पाणी ठेवायचं, भाजीला लागलं तर तेच तापलेलं पाणी घालायचं, गार घालायचं नाही. गॅसवर हे बरोबरच होतं. इथे खालून मंद ऊब, वरून गार ताटली, आणि ती उचलली की सगळी वाफ खिडकीतून बाहेर. वाटाणे काय शिजणार! दिवसातून किती वेळा हे चालायचं कुणास ठाऊक.

मला राग आला. आधी त्या ठाण्याच्या बाईंची आठवण झाली, म्हणून जास्तच आला.

"अगं, म्हणून शिजत नाही ते! झाकण काढायचं नसतं त्याचं. मी पहिल्याच दिवशी सांगितलेलं तुला."

"काच आहे ती. तिच्यावर पाणी कसं राहणार?"

"पाणी ठेवायचंच नाही ना! लावायचं आणि विसरून जायचं. तुला कशाला हात लावायचा होता?"

तिने ताटली उचलली, पाणी मोरीत ओतलं, ताटली पुसली. काचेचं झाकण जाळीतून काढून मडक्यावर नीट बसवलं. भांडायच्या सुरात नाही, पत्ता विचारावा तसं तिने मला विचारलं, "मग मी दिवसभर काय करू?"

गार जेवणाचा माझा शोध अगदीच फुसका होता, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं आणि स्वतःची लाज वाटली. ती आतल्या खोलीत जाऊन पडली. मी कपडे न बदलताच ठाण्याला फोन लावून माफी मागितली. तिकडून हसण्याचा आवाज आला, म्हणजे सुटलो.

दुसऱ्या दिवशी फोडणी झाल्यावर नेहमीप्रमाणे रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला. काचेचं झाकणही त्याच्या शेजारी ठेवलं. मडकं लोवरून हायवर केलं, त्यावर पितळी ताटली ठेवली, आणि चपला घालता घालता आईला म्हटलं, "वाटाणे लावलेत. मीठ घातलेलं नाही. तू बघ."

ताटलीखाली हायवरसुद्धा वाटाण्यांना संध्याकाळचे सहा वाजतात. तोवर आई त्यांच्यापाशी असते. साडेअकराला गोदामात मला तिचा फोन येतो, "अरे, आमसुलं कुठे ठेवलीस?" तीनला पुन्हा येतो, "अजून कणी आहे आत. तू येईस्तोवर होतील." बरोबरची मंडळी हसतात. मी आमसुलांची जागा सांगतो. मला पक्कं माहीत आहे, की ती तिलाही माहीत आहे.

हे यंत्र मी आणलं होतं ते आईला दुपारी गरम जेवण मिळावं म्हणून. ते मिळतं मला, संध्याकाळी, घरी पोचल्याबरोबर. तिची दुपार अजूनही डब्यातल्या गार पोळ्यांवरच जाते. परवा तिने सांगितलं, डब्यात एक पोळी जास्त ठेवत जा.