वाईट चिंतणारे कर्नलसाहेब

कर्नलसाहेब कुठेही चहा प्यायला बसले, की आधी मनातल्या मनात ते हॉटेल उडवून द्यायचे. पिशवी कुठे ठेवता येईल, काच कुणाच्या अंगावर येईल, माणसं कुठल्या दाराकडे पळतील, हे ठरलं की मग शांतपणे बिस्किट बुडवायचे. लष्करात त्यांनी बॉम्ब निकामी करण्यात आयुष्य घालवलं होतं. निवृत्तीनंतर दिल्लीतल्या द्वारका भागात राहून ते आमच्या गुडगावच्या कंपनीला सल्ला द्यायला येत.

विमा कंपन्यांसाठी दहशतवादी हल्ल्यांची जोखीम मांडायची, हे आमचं काम. भूकंपाच्या, पुराच्या जुन्या नोंदी असतात. पण पुढचा हल्ला मागच्यासारखा होत नाही. म्हणून जाणकारांना विचारायचं, हल्ला करायचा झाला तर यातलं कोणतं ठिकाण निवडाल? ते प्रत्येक ठिकाणाला गुण द्यायचे, त्यावरून आम्ही गणित मांडायचो.

मी परभणीकडची, घरातली पहिली पदवीधर. संख्याशास्त्र येत होतं, पण त्या काचेच्या इमारतीत तोंड उघडायची भीती वाटायची. बैठकीत मी गप्प बसले की साहेब सगळ्यांदेखत म्हणायचे, "हमारी मास्तरीणबाई से पूछो." बाहेर आल्यावर मराठीत दटावायचे, "पोरी, गणित चुकलं तर मी सांभाळून घेईन. गप्प बसलीस तर काय सांभाळू?" त्या कंपनीत मी टिकले ती त्यांच्यामुळे.

साहेबांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, हा उद्योग अजिबात आवडत नसे. "दिवसभर लोकांचं वाईट चिंतायचं आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लावायचा," मी घरी गेले की त्या मला पोहे देता देता म्हणायच्या. "सोडा म्हटलं तर ऐकत नाहीत."

"मी चिंतलं नाही, तर दुसरा कोणी चिंतेल ना," साहेब म्हणायचे.

"बसा चिंतत. मी चालले बाजारात."

दर शनिवारी त्या मैत्रिणींबरोबर दक्षिण दिल्लीतल्या एका बाजारात जायच्या. नाव लिहीत नाही. आमच्या कामात ते लिहायचं नसतं.

एका वर्षी गुण जुळवताना मला त्याच बाजाराचा आकडा खटकला. अरुंद गल्ल्या, तुडुंब गर्दी. बाकीच्या जाणकारांनी भरपूर गुण दिलेले आणि साहेबांनी जवळजवळ शून्य. बैठकीआधी मी त्यांना एकटं गाठून विचारलं.

त्यांनी कागद उलटा करून ठेवला. "पाहणीला गेलो होतो ग. पिशवी कुठे ठेवता येईल असं मनात आणलं, की तिथे ही उभी दिसायची. घासाघीस करताना."

"मग तेवढा रकाना काढून टाकू, साहेब."

"आणि बाकीच्या ठिकाणी कुणाची बायको उभी नसते? एकदा हात थरथरला, की त्या माणसाला आम्ही पुन्हा बॉम्बजवळ पाठवत नव्हतो."

बैठकीत त्यांनी हे स्वतःच सांगितलं आणि काम सोडत असल्याचंही सांगितलं. आमचे वरिष्ठ "थँक यू, सर" म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

ती दोघं साताऱ्याला परत गेली. रिकामपण साहेबांना मानवलं नाही. ते वारल्यावर काकू फोनवर म्हणाल्या, "माझं ऐकून सोडलं असतं, तर बरं वाटलं असतं. माझ्यामुळे सोडलं."

आता नव्या जाणकारापुढे यादी ठेवण्याआधी मी विचारते, यातल्या कुठल्या ठिकाणी तुमच्या घरची माणसं जातात? ती ठिकाणं त्याला द्यायचीच नाहीत. इतकी साधी गोष्ट. तेव्हा आधी विचारलं असतं, तर साहेबांनी तो नियम म्हणून पाळला असता. गुण दिल्यावर सापडलं, म्हणून त्यांनी त्याला स्वतःची कसूर मानलं.